शेतात गॅसची विहीर खोदली तर जमीन बिघडते कशी, आणि परत आणायची कशी

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आमोद तालुक्यात वडिलोपार्जित काळी जमीन आहे, कपाशी आणि तूर घेता, कंपनीला गॅसच्या शोधासाठी त्यातली पाच एकर तीन वर्षांसाठी हवीय. भाऊ म्हणतो घे पैसे आणि सोड विषय, भागिया, म्हणजे वाट्याने तुमची जमीन कसणारा, म्हणतो एकदा रिग (विहीर खोदायचं अवजड यंत्र) उभी राहिली की तिथे गवतसुद्धा येत नाही, आणि तुम्ही बडोद्यात बसून नळाच्या पाण्याला आग लागलेले अमेरिकेतले व्हिडिओ बघताय. तर खरं काय, जमीन परत येते का, आणि सही करायच्या आधी काय बघायचं.

मी बरीच वर्षं ड्रिल साइट तयार करायच्या आणि काम संपल्यावर ती मोडून जमीन परत द्यायच्या कामात होतो, जास्त करून गुजरातेत, थोडं गोदावरीच्या बाजूला, त्यामुळे कंपनीची बाजूही माहितीय आणि शेतकऱ्याचा वैतागही. तुमचा भाऊ आणि भागिया दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत. जमीन परत येते, काही ठिकाणी तीन-चार वर्षांत इतकी छान येते की नवख्या माणसाला दाखवूनही पटत नाही इथे रिग होती म्हणून, आणि काही ठिकाणी वीस वर्षांनीसुद्धा गूगलच्या नकाशात तो चौकोन फिकट दिसतो. फरक पडतो तो बहुतेक वेळा गॅसमुळे नाहीच. फरक पडतो जेसीबीवाल्याने पहिल्या आठवड्यात वरची माती कुठे टाकली यामुळे. रिग यायला तेव्हा अजून महिना असतो, कंपनीचा कुणी मोठा माणूस साइटवर नसतो, लोकल काँट्रॅक्टर असतो आणि त्याला घनमीटरवर पैसे मिळतात.

आधी ते व्हिडिओ बाजूला ठेवा. ते बहुतेक पेनसिल्व्हेनियातले, मार्सेलस शेल नावाच्या गॅसच्या खडकातल्या विहिरींचे, तिथे २००८ च्या आसपास एकदम लाट आली. तिथला प्रकार वेगळा, एका पॅडवरून, म्हणजे रिगसाठी सपाट केलेल्या जागेवरून, अनेक आडव्या विहिरी, एकेका विहिरीत दीड-दोन कोटी लिटर पाणी दाबाने आत सोडायचं आणि त्यातलं जे परत वर येतं ते समुद्रापेक्षा कितीतरी पट खारं. डिमॉक गावातल्या विहिरींच्या पाण्यात मिथेन आला हे खरंय, त्यावर मोठं प्रकरण झालं. तुमच्याकडे जे करणारेत ती साधी खोल विहीर, खंबातच्या खोऱ्यात अशा विहिरी १९५८ पासून खोदतायत, अंकलेश्वर, मेहसाणा, गंधार, सगळीकडे शेतांच्या मधोमधच आहेत. पण एक गोष्ट त्या लोकांकडून शिकण्यासारखी आहे, त्यांनी जमिनीचा हिशेब नीट मांडलाय. पेनसिल्व्हेनियातल्या एका अभ्यासात पॅड सरासरी ३.१ एकरचा निघाला आणि रस्ते, पाइपलाइन, पाण्याचे तलाव असं आजूबाजूचं धरल्यावर एकूण ८.८ एकर. म्हणजे पॅडच्या जवळपास तिप्पट. तुम्हाला पाच एकर सांगतायत ती फक्त साइट की रस्त्यासकट, हे पहिलं विचारा. आणि रस्ता कुणाच्या शेतातून, तुमच्याच ना? मग तो पण नकाशावर काढून घ्या, नाहीतर ट्रेलर आला की वळणाला आणखी दहा मीटर लागतात आणि ते कुणाच्या हिशेबात नसतात.

आता जमिनीचं होतं काय ते सांगतो. पाच एकर म्हणजे दोन हेक्टर. वरची ३० सेंटिमीटर माती काढली तर सहा हजार घनमीटर होते, दहा घनमीटरचा डंपर धरला तर सहाशे डंपर. एवढी माती ठेवायला जागा लागते, दोन मीटरपेक्षा उंच ढीग करायचा नाही असं धरलं तर उतार वगैरे पकडून एक एकरभर जागा नुसती मातीला. कंपनीने पाच एकर मागितलेत त्यात ही एक एकर धरलीय का? नव्वद टक्के वेळा नसते, मग ती माती जाते कुठे, तर साइटभोवतीचा बांध करायला, खड्डे भरायला, रस्त्याच्या कडेला, आणि थोडी गावातल्या कुणाच्या तरी अंगणात. खालची पिवळट चुनखडीची माती आणि वरची काळी एकत्र झाली की संपलं, ती परत वेगळी करता येत नाही, कुठल्याही खर्चात. म्हणून करारात पहिलं कलम हे पाहिजे की वरची एक फूट माती वेगळी काढणार, वेगळी ठेवणार, ढीग दोन मीटरच्या वर नाही, त्यावर कुणी गाडी चढवणार नाही, आणि पहिल्या पावसात त्यावर ताग किंवा धैंचा पेरणार. पेरायचं कारण असं की ढिगात आतल्या मातीला हवा मिळत नाही, तिच्यातले जिवाणू, बुरशी मरतात, वरून मुळं असली की थोडंफार जिवंत राहतं आणि मातीही वाहून जात नाही. आणि हो, माती ओली असताना काढायची नाही. वाफसा आल्यावर किंवा कोरडी असताना. काळी जमीन ओली उकरली की तिचे लाडू होतात आणि वाळल्यावर विटेसारखे ढेकूळ, ते पुढे दोन-तीन उन्हाळे फुटत नाहीत.

मग त्या उघड्या पडलेल्या खालच्या मातीवर दगडाचं सोलिंग, त्यावर मुरूम, रोलर. मधोमध विहिरीच्या तोंडाशी काँक्रीटचा खड्डा, त्याला सेलर म्हणतात, दोनेक मीटर खोल, आणि रिगच्या पायाला जाड काँक्रीट. इथे काळ्या जमिनीचा एक खास त्रास आहे. ती पावसात फुगते, मऊ होते आणि वरचा मुरूम गिळते. एक पावसाळा गेला की तुम्ही टाकलेला फूटभर मुरूम चार इंच दिसतो, बाकीचा खाली मातीत मिसळलेला असतो, आणि मग काँट्रॅक्टर आणखी आणून टाकतो. शेवटी काढताना नक्की कुठे मुरूम संपतो आणि कुठे शेत सुरू होतं हे सांगता येत नाही. याला उपाय अगदी स्वस्त आहे, मुरूम टाकायच्या आधी खाली जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं. मग काढताना कापड लागलं की थांबायचं, सगळ्यांना कळतं. त्याचा खर्च पूर्ण साइटच्या बजेटमध्ये दिसतसुद्धा नाही, तरी मागितल्याशिवाय कुणी टाकत नाही.

दाबली गेलेली जमीन हा दुसरा भाग, आणि माझ्या मते शेतकऱ्याचं खरं नुकसान इथेच होतं कारण ते डोळ्याला दिसत नाही. रिगचे सुटे भाग ट्रेलरवर येतात, पाइप, सिमेंटिंगची युनिटं, डिझेलचे टँकर, रोज जा-ये. वरचं काही इंच नांगराने फुटतं, पण अर्धा मीटर खाली जो थर बसतो त्यातून मूळ जात नाही, पाणीही नाही. चिकण मातीची घनता दर घन सेंटिमीटरला १.४ ग्रॅमच्या पुढे गेली की मुळांना जड जातं. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते म्हणून आपोआप थोडी सुटते हे खरंय, पण ते वरच्या भागात, खोलवर नाही. कपाशीचं सोटमूळ त्या थरावर गेलं की आडवं वळतं, झाड ऑगस्टपर्यंत मस्त दिसतं आणि पाऊस थांबला की पंधरा दिवसांत मान टाकतं, शेजारचं शेत हिरवंगार असतं. मग लोक म्हणतात जमिनीत गॅस आहे. गॅस नसतो हो, कडक थर असतो. एप्रिल-मेमध्ये जमीन पूर्ण कोरडी असताना सबसॉयलर, म्हणजे खोल जाणारा फाळ, दीड-दोन फुटांपर्यंत आडवा-उभा मारायचा, मगच वरची माती पसरायची. ओल्यात मारला तर फाळ नुसता गुळगुळीत चर पाडतो आणि बाजूची माती आणखी दाबतो, पैसे पाण्यात. आणि क्रम महत्त्वाचा, आधी मुरूम आणि काँक्रीट काढणं, मग खालचा थर फोडणं, मग वरची माती, त्यानंतर त्यावर जड गाडी बंद. मी असंही बघितलंय की माती छान पसरली आणि मग तीच लेव्हल करायला रोलर फिरवला. फोटोत सुरेख दिसतं.

किती नुकसान होतं याचा एक आकडा देतो, तो पाइपलाइनचा आहे पण गणित तेच. अमेरिकेत आयोवामध्ये डकोटा ॲक्सेस पाइपलाइन (ती गॅसची नाही, कच्च्या तेलाची) टाकल्यावर आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीने मोजमाप केलं, माती वेगळी ठेवून, परत टाकून, नांगरून सगळं करारानुसार केलेलं असतानासुद्धा पहिल्या दोन वर्षांत मका सरासरी १५ टक्के आणि सोयाबीन २५ टक्के कमी आलं. म्हणजे कितीही चांगलं काम केलं तरी पहिली काही वर्षं उत्पन्न कमी येणारच, त्यामुळे जमीन परत दिली त्या दिवशी नुकसानभरपाई संपली असं कलम मान्य करू नका. परत दिल्यानंतर निदान तीन हंगामांची घट मागा, शेजारच्या न बिघडलेल्या पट्ट्याशी तुलना करून. तो पट्टा आत्ताच ठरवा, त्याच शेतातला.

आता मड. ड्रिलिंगच्या चिखलाला सगळे मडच म्हणतात, बेंटोनाइट, बॅराइट, कॉस्टिक सोडा, पॉलिमर, आणि बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं त्यात, म्हणजे मीठच. तीन हजार मीटर खोल विहीर आणि सरासरी बारा इंच व्यासाचं भोक धरलं तरी नुसता खडकाचा चुरा दोनशे घनमीटरच्या वर निघतो, शिवाय वापरून टाकलेलं मड वेगळं. हे कुठे टाकायचं याचे नियम आहेत, ३० ऑगस्ट २००५ चं केंद्राचं नोटिफिकेशन, जीएसआर ५४६(ई). त्यात चुरा धुऊन घ्यायचा, खाली न झिरपणारं लायनर, म्हणजे अस्तर, टाकलेल्या खड्ड्यात ठेवायचा, झिरपलेलं पाणी गोळा करायची सोय ठेवायची, भरल्यावर वरूनही लायनर आणि त्यावर इथलीच माती उतार देऊन टाकायची, असं सगळं आहे. बॅराइटमध्ये पारा आणि कॅडमियम किती चालेल तेही लिहिलंय. आणि एक महत्त्वाचं, काम संपल्यावर साइट पूर्ववत करायची, कचरा मागे सोडायचा नाही.

कागद चांगला आहे, पण बारकाईने वाचलंत तर लक्षात येईल की खड्डा तुमच्याच शेतात कायमचा पुरून ठेवायलाही तो पूर्ण अडवत नाही, साइटवर किंवा साइटबाहेर असे दोन्ही पर्याय आहेत. इथे हट्ट धरा. पुरलेलं लायनर काळ्या जमिनीत फुगण्या-आक्रसण्याने ताणलं जातं, उद्या कुणीतरी नांगर खोल घालतो, आणि त्या जागेवर तुम्ही पुढे ना विहीर काढू शकत ना झाड लावू शकत, तरी सातबारावर जमीन तुमचीच. करारात लिहून घ्या की सगळं मड आणि चुरा उचलून मान्यताप्राप्त ठिकाणी नेणार, आणि नेल्याच्या पावत्यांच्या कॉपी तुम्हाला देणार. शिवाय खड्ड्यांना कुंपण, कारण गुरं त्या पाण्याला तोंड लावतात, खारट असतं म्हणून त्यांना आवडतं. पेनसिल्व्हेनियात टायोगा काउंटीत २०१० मध्ये असं गळलेलं पाणी गायींच्या कुरणात आलं आणि सरकारने २८ गुरं क्वारंटाइन केली होती.

मिठाचं मात्र नीट समजून घ्या, कारण तुमच्या भागात ते जास्त गुंतागुंतीचं आहे. खंबातचं आखात जवळ, वागरा-जंबुसरच्या बाजूला मुळातच खारवट पट्टे, बोअरचं पाणी मचूळ. उद्या तुमच्या शेतात मीठ आलं तर कंपनीचा माणूस शांतपणे म्हणणार, इथली जमीन पहिल्यापासूनच अशी आहे. आणि तुमच्याकडे उलट सिद्ध करायला काही नसेल. म्हणून काहीही व्हायच्या आधी माती तपासून ठेवा. साइटच्या जागेत पाच-सहा ठिकाणी, साइटच्या खालच्या उताराला दोन ठिकाणी, आणि तो तुलनेचा पट्टा. प्रत्येक ठिकाणी ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटर असे तीन थर वेगळे. पीएच, ईसी (मातीतल्या मिठाचं माप, डेसिसीमेन्स प्रति मीटरमध्ये), क्लोराइड, सोडियमचं प्रमाण म्हणजे ईएसपी, सेंद्रिय कर्ब, आणि एक-दोन नमुन्यांत पेट्रोलियम हायड्रोकार्बन. बोअरचं आणि शेजारच्या विहिरींचं पाणी पण. नमुने काढताना कंपनीचा माणूस आणि तलाटी हजर, पंचनामा, सह्या, जीपीएस असलेले फोटो, आणि निम्मा नमुना सीलबंद तुमच्याकडे. आणंदला कृषी विद्यापीठ आहे, तिथे विचारा. तुमच्या सगळ्या भांडणात पुढे हा एकच कागद कामाला येणार आहे, वकिलापेक्षा जास्त.

मीठ आलंच तर? दोन प्रकार असतात आणि उपाय वेगळे. नुसती खारवट जमीन, ईसी ४ च्या वर, पांढरे पापुद्रे दिसतात, ती चांगल्या पाण्याने धुता येते. ढोबळ हिशेब असा की एक फूट माती धुवायला एक फूट गोडं पाणी झिरपवलं तर साधारण ८० टक्के मीठ खाली जातं. दुसरी चोपण, म्हणजे सोडियम मातीला चिकटलेला, पुस्तकात ईएसपी १५ च्या वर लिहितात पण काळ्या जमिनीत ५-६ लाच त्रास सुरू होतो, पाणी वर साचून राहतं, वाळलं की फरशी. घरी बघायचं असेल तर मटाराएवढं कोरडं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या पाण्यात हळूच सोडा आणि न हलवता दोन-तीन तास ठेवा. नुसतं फुटून खाली बसलं तर ठीक, भोवती दुधासारखा ढग पसरला तर चोपण. दोन्ही एकत्र असेल, आणि मड सांडलेल्या ठिकाणी बऱ्याचदा असतंच, तर आधी जिप्सम आणि मग पाणी. उलटं केलं तर सुटं मीठ धुऊन जातं, सोडियम मागे राहतो, चिकण माती विरघळल्यासारखी होते आणि छिद्रं बुजतात, त्यानंतर वरून नदी सोडलीत तरी पाणी आत जात नाही. जिप्सम किती ते प्रयोगशाळेच्या रिपोर्टवरून काढायचं, कुणाच्या अंदाजावर नाही. आणि काळ्या जमिनीतून पाणी फार हळू उतरतं, त्यामुळे चर काढून बाहेर काढायची वाट दिली नाही तर मीठ मे महिन्यात परत वर. ही वाट शेजाऱ्याच्या शेतात जाणार नाही हेही बघा, नाहीतर नवीन भांडण.

तेलाचं तुमच्याकडे कमी भय, गॅसच्या विहिरीला थोडं कंडेन्सेट असतं, ते पेट्रोलसारखं हलकं, पानं जाळतं पण मातीतून बरंचसं उडून जातं. जड तेल सांडलं, मेहसाण्याच्या बाजूला असतं तसं, तर ते राहतं. त्यावर जिवाणू वापरतात, टेरी या दिल्लीच्या संशोधन संस्थेचं ऑइलझॅपर नावाचं मिश्रण आपल्याकडे तेलकंपन्यांच्या साइटवर वापरलं गेलंय, माती पातळ पसरायची, ओल ठेवायची, युरिया आणि स्फुरद द्यायचं, दर काही दिवसांनी उलथायची. काम होतं पण महिने लागतात, आणि थंडीत हळू. कुणी तेलकट मातीवर नवीन माती टाकून झाकत असेल तर तिथेच थांबवा.

जमिनीतून गॅस गळत असेल तर ते पिकात दिसतं. मिथेन स्वतः विषारी नाही, पण तो मातीतला ऑक्सिजन हाकलतो, मुळं गुदमरतात, गोल किंवा लांबट पिवळा डाग पडतो आणि उकरलं की माती काळीनिळी आणि कुजका वास. गळती बंद झाली की एक-दोन हंगामात जमीन बहुतेक सुधारते. असा डाग दिसला तर काडी पेटवून बघायचा शहाणपणा नको, सरळ कंपनीला आणि मामलतदारांना कळवा.

मोठे अपघात होतात का, होतात, लपवण्यात अर्थ नाही. आंध्रात पसरलापुडीला जानेवारी १९९५ मध्ये विहीर पेटली ती ६५ दिवस जळत होती, नारळाच्या बागांच्या मधोमध. आसामात बागजानला २७ मे २०२० ला गॅस उसळला, ९ जूनला आग लागली, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत विहीर पूर्ण बंद झाली नव्हती, दोन अग्निशमन जवान गेले, हजारो लोक छावण्यांत, आणि कंडेन्सेटचा थर चहाच्या छोट्या बागांवर, केळी-सुपारीवर, मागुरी बील या पाणथळ तळ्याच्या पाण्यावर. अशी वेळ शेकड्यांनी विहिरींमध्ये एखाद्यावर येते, पण आली तर तुमच्या पाच एकरांचा प्रश्न राहत नाही, आख्ख्या शिवाराचा होतो. म्हणून घर किंवा गोठा साइटपासून किती अंतरावर आहे, आणि अपघात झाला तर साइटबाहेरच्या पिकाची भरपाई कोण देणार, हे लिहून घ्या. तामिळनाडूने तर २०२० मध्ये कायदा करून कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात नवीन तेल-गॅस शोध बंदच केला. गुजरातेत तसं काही नाही.

कायद्याचं थोडं. जमीन एकतर आपसातल्या कराराने घेतात, नाहीतर २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ८१ खाली कलेक्टरमार्फत तात्पुरती, जास्तीत जास्त तीन वर्षं. कलम ८२ लोक वाचतच नाहीत, त्यात म्हटलंय की मुदत संपल्यावर झालेल्या नुकसानीची भरपाई देऊन जमीन परत करायची, आणि जमीन ज्या कामासाठी आधी वापरात होती त्यासाठी कायमची निकामी झाली असेल आणि मालकाने तशी मागणी केली तर सरकारने ती कायमची संपादित करायची, म्हणजे पूर्ण मोबदला देऊन. आपसातला करार करणार असाल तर याच धर्तीचं वाक्य त्यात घालायला सांगा, वकिलाला दाखवून. पिकाची भरपाई कसणाऱ्याला मिळाली पाहिजे, तुमच्या भागियाचं नाव त्यात आणा, नाहीतर तीन वर्षं तो काय खाणार, आणि नंतर ती जमीन परत सुधारायला तोच लागणार आहे तुम्हाला.

आणि समजा गॅस लागला तर? भाऊ फक्त तीन वर्षांचा हिशेब करतोय, पण लागला तर ती जागा पंधरा-वीस वर्षं जाते, कधी जास्त. तेव्हा मात्र पाच एकर लागत नाहीत, रिग गेल्यावर विहिरीचं तोंड, थोडी उपकरणं आणि रस्ता, एक-दीड एकरात भागतं. उरलेली जमीन लगेच सुधारून परत द्यायची, विहीर संपेपर्यंत थांबायचं नाही, हे आधीच लिहा. पेनसिल्व्हेनियात हा कायदाच आहे, ड्रिलिंग संपल्यापासून नऊ महिन्यांत आजूबाजूची जमीन पूर्ववत करायची, आणि विहीर बंद केल्यावर परत नऊ महिन्यांत उरलेली. आणि मग त्या विहिरीपासून गॅस न्यायला पाइपलाइन येणार, ती १९६२ च्या पाइपलाइन कायद्याखाली. जमीन तुमचीच राहते, वापरायचा हक्क त्यांचा, मोबदला बाजारभावाच्या १० टक्के आणि पिकाचं नुकसान वेगळं, आणि त्या पट्ट्यात घर, विहीर, तळं, झाड काही नाही. महाराष्ट्रातल्या तुमच्या नातेवाइकांना हे जास्त ओळखीचं असेल, आपल्याकडे गॅस येतो समुद्रातून उरणला, जमिनीवर विहिरी नाहीत, पण दाभोळ-बंगळुरू आणि दहेज-उरण-पनवेल लाइनींनी कोकण-कोल्हापूरकडे बऱ्याच शेतांतून चर काढलेत. चर बुजवताना थोडा फुगवटा ठेवायचा, कारण पहिल्या पावसात माती बसते, नाहीतर शेतभर नाला तयार होतो.

विहीर कोरडी निघाली किंवा संपली तर आत सिमेंटचे प्लग भरून बंद करतात, वरचा पाइप जमिनीखाली कापून झाकतात. किती खोल कापलाय ते लेखी घ्या, तुमचा सबसॉयलर दोन फूट जाणार असेल तर पाइप त्याच्या बराच खाली पाहिजे, आणि जागेचे जीपीएस आकडे सातबाराच्या फाइलला लावून ठेवा, नातवंडांनी उद्या तिथे बोअर घ्यायला नको. काँक्रीट काढलं म्हणतात तेव्हा पहार घेऊन भागियाला दर पाच मीटरवर ठोकत फिरवा, टण आवाज आला तिथे आहे अजून.

शेवटचं आणि हे फार जणांचं चुकतं. जमीन परत मिळाल्याच्या कागदावर सही मे महिन्यात मागतात, तेव्हा सगळं सपाट, कोरडं, सुरेख दिसतं. सही पावसाळा झाल्यावर, ऑक्टोबरमध्ये. पाणी कुठे साचतं, साइट उंच ठेवल्यामुळे वरच्या अंगाला शेजाऱ्याच्या तुरीत पाणी तुंबतं का, कुठे उगवण होत नाही, हे चार महिन्यांत दिसतं, तोपर्यंत ठरलेल्या रकमेचा काही भाग अडवून ठेवा किंवा बँक गॅरंटी घ्या. सहीच्या आधी माती त्याच जागांवर, त्याच तीन थरांत परत तपासा.

पहिल्या वर्षी कपाशी लावू नका. जूनमध्ये धैंचा दाट पेरा, फुलावर यायच्या आधी गाडा, रब्बीला गहू चालेल, मीठ थोडं राहिलं असेल तर गहू साधारण ईसी ६ पर्यंत तग धरतो. दुसऱ्या उन्हाळ्यात भरपूर शेणखत, मिळेल तेवढं, पुन्हा एक खोल पाळी, मग ज्वारी. तिसऱ्या वर्षी कपाशी, ती ७-७.५ पर्यंत सहन करते. तूर, मूग, कांदा मिठाला फार नाजूक, त्यांना सगळ्यात शेवटी आणा. ऑगस्ट संपताना साइटच्या मधोमध आणि त्या तुलनेच्या पट्ट्यात एकेक कपाशीचं झाड मुळासकट खोदून काढा आणि शेजारी शेजारी ठेवून फोटो पाठवा मला, मूळ सरळ गेलंय की आडवं वळलंय ते बघून पुढचं सांगतो.